उंबऱ्यामागे एक हात

मीठ पिकायचे दिवस होते आणि मीठ पिकत नव्हतं. वाफ्यात खारं पाणी घ्यावं, त्याला आठवडाभर ऊन खाऊ द्यावं, तळाला पांढरं बसलं की फळीनं ओढून कडेला रास लावावी, एवढा साधा धंदा. पण त्या हंगामात उन्हाचा भरवसा उरला नव्हता. दोन दिवस तापायचं, तिसऱ्या दिवशी नको तेव्हा पाऊस यायचा, आणि पाऊस आवरला की खाडीला उधाण. महिन्यात दोनदा पाणी मोठ्या बांधावरून आत आलं. पहिल्या वेळी वाफे गेले. दुसऱ्या वेळी लावलेल्या राशी गेल्या, आणि खालच्या ओळीतल्या घरांतून पोटरीएवढं पाणी फिरून गेलं, आगंतुक पाहुण्यासारखं. जाताना चुलींतली राखसुद्धा घेऊन गेलं.

मुकादमीण बांधावरून येरझारा घालत होती. एका जागी उभं राहणं तिला जन्मात जमलं नव्हतं. नवरा मुकादम होता म्हणून ती मुकादमीण; त्याला जाऊन बावीस वर्षं झाली, पण मुकादमी तिनं कुणाच्या हाती दिली नाही. वीस माणसांची टोळी अजून तिच्या खाकरण्यावर चालायची. अक्षर सहीपुरतं, पण कुणाची फळी किती वाफे ओढून आली ते नजरेनं सांगायची, आणि चुकीचं सांगितलंय असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

"फळी उताणी धरलीस," ती नातीवर ओरडली. "मीठ ओढतेस की चिखलाला गोंजारतेस?"

"मीठ असेल तर ओढेन ना आजी. खाली नुसता गाळ आहे."

"फळी चालव म्हटलं, तोंड चालव नाही म्हटलं."

वाफ्यातल्या बाया हसल्या. नात वीस वर्षांची; अंगानं बापासारखी, जिभेनं आजीसारखी. बाया म्हणायच्या, मुकादमीण गेली तरी आवाज काही जात नाही, नातीच्या घशात ठेवून जाईल. शेजारच्या वाफ्यात सून वाकली होती. तिच्या दोन्ही टाचांना चिंध्या बांधल्या होत्या. भेगांत खारं पाणी शिरलं की माणूस पाय उचलून उभं राहतं, बगळ्यासारखं; सून पाय उचलत नव्हती. सासू बघत असताना तर नाहीच.

मुलगा उघाडीवरून आला. बांधातून पाणी आत घ्यायचं आणि बाहेर सोडायचं जे लाकडी दार असतं ती उघाडी. ती सांभाळणं हे त्याचं काम. पंचेचाळिशीचा, बोलायला कंजूष.

"आई, उघाडीच्या फळ्या कुजल्यात. पाणी आता खालूनही झिरपतंय."

"मग बदल."

"किती बदलू? बांधच बसत चाललाय."

"गुरुवारी सभा आहे," नात मधेच म्हणाली. "तिथे कळेल काय बदलायचं ते."

मुकादमिणीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पुढच्या वाफ्याकडे निघाली.

सभेचं प्रकरण असं होतं. वरच्या कचेरीनं गावाला दगड, माती आणि यंत्रं देऊ केली होती. त्यात दोन कामांपैकी एक होणार: मोठा बांध आणखी कंबरभर उंच करायचा, नाहीतर वरच्या माळावर चाळीस घरांच्या जागा सपाट करून रस्ता आणि पाणी न्यायचं. दोन्ही नाही. काय ते गावानं ठरवायचं. आणि गावाचा ठरवण्याचा नियम जुना होता: उंबऱ्यामागे एक हात. घरात दोन माणसं असोत की दहा, हात एकच, आणि तो घरातल्या मोठ्याचा. गावात उंबरे तीस. वीस वर्षांत एकतिसावा उंबरा झाला नाही, कारण खाली कोरडी जागा नाही आणि वर माळ मोकळा असला तरी तिथे कचेरी कुणाला बांधू देत नव्हती. पोरांची लग्नं झाली की ती मागच्या खोलीत राहायची, मागची खोली भरली की मिठाच्या कोठारात पडदा लावून, आणि पडदाही पुरेना तेव्हा गाव सोडून जायची. म्हणजे हात वर करणारे बहुतेक साठीपलीकडचे, आणि ज्यांना पाण्यात पुढची चाळीस वर्षं काढायची होती त्यांनी सभेत मागे उभं राहून बघायचं.

मुकादमिणीच्या घरातही मुलगा, सून आणि नात मागच्या खोलीत. पलंग चार-चार विटांवर चढवलेला. दोरीवरचे कपडे आठ-आठ दिवस ओले, अंगात घातले तरी शिरशिरी यायची.

संध्याकाळी जेवताना नातीनं विषय काढलाच.

"आजी, हा बांध घातला तेव्हा मी केवढी होते?"

"होतीस एवढीशी. चार वर्षांची. नाक पुसायला येत नव्हतं."

"तेव्हा कंबरेएवढा घालायचा की डोक्याएवढा, असं विचारलं होतं ना?"

मुकादमिणीनं घास हातात तसाच धरला. सोळा वर्षांपूर्वीची सभा तिला काल झाल्यासारखी आठवत होती. डोक्याएवढ्या बांधाला मेहनत दुप्पट. दोन हंगाम मिठावाचून काढावे लागले असते. चर्चा लांबत चालली तेव्हा तीच उठून म्हणाली होती, आपल्या हयातीपुरता झाला म्हणजे पुरे, पुढचं पुढचे बघतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. बांध कंबरेएवढा झाला, आणि हिशेबात चूक एवढीच निघाली की हयात संपली नाही.

"पुढचं पुढचे बघतील म्हणालीस," नात म्हणाली. "ते पुढचे म्हणजे मीच ना? मग बघू दे की आता."

"मी मेले नाही हा माझा गुन्हा झाला का गं?"

"तसं कुठे म्हणाली ती, सासूबाई," सून म्हणाली.

"तू भात वाढ. वकिली करू नकोस."

मुलगा खाली मान घालून जेवत राहिला. पलंगाखालच्या विटांना चढलेली ओल दिव्यात चमकत होती, आणि तिकडे कुणीही बघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काटेवाला आला. सगळं मीठ ज्या मोठ्या काट्यावर तोललं जायचं, तो त्याच्या ताब्यात. बाहत्तरीचा, पातळ, बोटांवर मोजत बोलणारा. आला तो खाटेवर पाय वर घेऊन बसला, जमिनीची ओल त्याला सोसत नव्हती.

"घरोघर फिरून आलो, मुकादमीणबाई. पंधरा आणि पंधरा. पंधरा बांधाचे, पंधरा माळाचे. काट्यावर घातलं तरी तसूभर झुकणार नाही."

"मग?"

"मग काय! बरोबरी झाली की जुनं चालू, हा नियम. म्हणजे बांध. आपण जिंकलो. तुमचा हात तेवढा हलू देऊ नका."

"माझा हात कधी हललाय?"

"म्हणून तर आधी इथे आलो नाही, शेवटी आलो." तो हसला. मग दाराशी फळीचा दांडा तासत बसलेल्या नातीकडे वळला. "पोरी, पाणी आण जरा. आणि काय गं, तुम्हा पोरांना माळावर काय पुरलेलं सापडलंय? तिथे वाऱ्याशिवाय आहे काय?"

"वारा आहे ना आजोबा. कोरडा असतो तो."

"तुझा उंबरा झाला की सांग मला. आजीच्या उंबऱ्यात बसून सल्ले देऊ नयेत."

मुकादमीणही हसली. हसता हसता तिचं लक्ष सुनेकडे गेलं. सून चुलीपाशी पाठमोरी होती, आणि तिचा हात थांबला होता. नातीनं दांडा खाली ठेवला, पाणी आणून दिलं, आणि काटेवाला ते पिऊन होईपर्यंत त्याच्यासमोर उभी राहिली.

"आजोबा, उंबरा म्हणजे काय काय लागतं?"

"म्हणजे?"

"कचेरीतला कारकून मोजताना काय बघतो?"

"गल्लीकडे उघडणारं दार. दाराआड चूल. आणि घराच्या मालकानं सभेत उभं राहून सांगायचं, की आमचं घर वेगळं झालं." त्यानं पेला परत दिला. "का? घर बांधतेस की काय?"

"नाही," नात म्हणाली. "विचारलं आपलं."

मंगळवारी दुपारी मुकादमीण मिठागरातून लवकर परतली. गल्लीच्या तोंडाशीच तिला धप्पधप्प आवाज आला. आवाज आपल्याच घराच्या मागून येतोय हे कळायला तिला चार पावलं लागली, आणि उरलेली पावलं तिनं कशी टाकली ते तिलाच ठाऊक. मुलगा मागच्या खोलीच्या भिंतीवर पहार मारत होता. नात विटा बाजूला रचत होती. सून घमेलं घेऊन उभी.

"कुणाला विचारून?"

पहार पुन्हा भिंतीवर पडली.

"मी विचारतेय! कुणाला विचारून भिंत फोडताय?"

"कुणालाच नाही, आई," मुलगा म्हणाला. त्याच्या भुवया विटांच्या भुग्यानं लाल झाल्या होत्या. "विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"मग?"

"मग फोडता आली नसती."

पंचेचाळीस वर्षांत मुलगा तिच्याशी असं पहिल्यांदा बोलला. तिनं पहार हिसकावायला हात घातला, पहार जड, तोल गेला, आणि सावरायला म्हणून तिनं भिंतीतल्या भगदाडात हात टेकवला. हात आत गेला. विटेवर टेकला नाही, आत गेला, भिजल्या पिठात जावा तसा. तिनं काढून बघितला. मनगटापर्यंत लाल चिखल, आणि चिखलात पांढरे कण.

भिंतीला दरसाल ती स्वतः उभी राहून गिलावा करून घ्यायची. गुळगुळीत, घट्ट, सगळ्या ओळीत कुणाची अशी भिंत नव्हती. तिनं नखानं आतली वीट खरवडली. भुगा. वरची खरवडली, भुगा. हात उंचावून खांद्याच्या वर खरवडली तेव्हा कुठे वीट लागली. बोट जिभेला लावलं. ती थुंकली नाही. आयुष्यभर वाफ्यात वाकून जे पिकवलं ते इथे आपसूक पिकलं होतं, फळी लावावी न लागता, घराच्या पोटात.

"किती दिवसांपासून माहीत होतं?" तिनं विचारलं.

"आम्ही याच भिंतीला टेकून झोपतो, सासूबाई," सून म्हणाली. तेवढंच.

मुकादमिणीनं हात पदराला पुसला. मग एकदम मुलावर खेकसली. "असा घाव घालतात? मधूनच फोडत सुटलास, वरची अख्खी भिंत येईल अंगावर. आधी वर टेकू लाव. तुळई कुठाय? आणि तू, घमेलं घेऊन पुतळ्यासारखी काय उभी आहेस, भुगा काढ तो. ओला आहे, वजनानं बसेल तिथेच."

संध्याकाळपर्यंत तिनं तिघांना राबवलं. कोठाराच्या मोडक्या दाराची चौकट शोधून आणवली, कोपरे तासून घेतले, ओळंबा तीनदा लावायला लावला. दार उभं राहिलं, गल्लीकडे उघडणारं. नातीनं आतल्या बाजूला तीन विटांची चूल मांडली.

"आजी," ती हळूच म्हणाली, "गुरुवारी सभेत तू—"

"एक अक्षर बोलू नकोस. भिंत कुजली होती म्हणून दार काढलं. घर वेगळं झालं म्हणून नाही. माझ्या घरात एकच चूल आहे. जीभ झडली तरी मी दुसरं सांगणार नाही."

आणि ते सगळ्या गावाला माहीत होतं. खाली जागा होती त्या काळी त्या ओळीत भावाभावांची घरं फुटली, बापलेकांची फुटली. मुकादमिणीचं नाही. दिरांची लग्नं तिनं केली, ते शहराकडे जाईपर्यंत एका ताटात वाढलं, आणि याचा डंका तिनं चाळीस वर्षं पिटला. कुणाचं घर फुटलं की ती मुद्दाम समाचाराला जायची. काटेवाल्याची दोन्ही मुलं एकाच वर्षी वेगळी होऊन गाव सोडून गेली, तेव्हा भर काट्यापाशी सगळ्यांसमोर म्हणाली होती, "गावाचं मीठ नीट तोलतोस, मुलं तेवढी तोलता आली नाहीत." लोक अजून ते वाक्य सांगून हसायचे.

बुधवारी ती कुठेच टिकली नाही. आगरात गेली, दोघींना विनाकारण झापलं, परत आली. घरात पाणी प्यायला बसली, पेला तसाच ठेवून उठली. नव्या दारातून बाहेर गेली, जुन्या दारातून आत आली, आणि सून बघतेय हे दिसल्यावर दाराला कडी नीट लागत नाही म्हणून पुटपुटली. दुपारी भरती होती. ती बांधाच्या आतल्या अंगाला जाऊन उभी राहिली. बांध तिच्या कंबरेएवढा होता, तेव्हा होता तेवढाच. बांध बसला होता तशी तीही खुजी झाली होती. वाकून पलीकडे बघितलं. पलीकडचं पाणी तिच्या पायांखालच्या जमिनीपेक्षा गुडघाभर उंच उभं होतं, मध्ये हातभर माती. ते पाणी मुकाट उभं होतं. घाई तिलाच होती.

परतताना माळाच्या वाटेला लागली. अर्ध्या चढावर दम लागला तशी दगडावर बसली. वर कुसळं आणि वारा. पदर वाऱ्यानं फडफडला आणि तिच्या लक्षात आलं की तो कोरडा आहे. सकाळी दोरीवरून काढला तेव्हा दमट होता. ती उठली. "नाही बाई," स्वतःशीच म्हणाली, "मी काही इथे यायची नाही. इथे कुणाशी भांडायचं, कुसळांशी?"

गुरुवारी दुपारी काट्याच्या शेडमध्ये सभा भरली. पुढे तीस जणं बसली, मागे पोरंसोरं, सुना, जावई, कडेवरची मुलं, शेड ओसंडून बाहेर उन्हापर्यंत. कारकून चष्मेवाला, घामेजलेला. त्याला संध्याकाळच्या आत दुसऱ्या गावाला पोचायचं होतं.

"बांधासाठी हात वर करा."

हात वर झाले. मुकादमिणीचा सगळ्यांत आधी. नातीनं मागून तो बघितला, आणि तिचा खालचा ओठ दातांखाली गेला. कारकुनानं मोजले. पंधरा.

"माळासाठी."

पंधरा.

"बरोबरी," कारकून म्हणाला आणि पेनचं टोपण काढलं. "म्हणजे नियमाप्रमाणे—"

"एक उंबरा राहिला," नात मागून म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या. कारकुनानं चष्मा वर सरकवला. "कुठला?"

"उघाडीवाल्याचा. गल्लीकडे दार आहे. आत चूल आहे. येऊन बघा."

"दार असेल. पण वेगळं झाल्याचं घरमालकानं सांगावं लागतं. मालक कोण?"

काटेवाला खो खो हसला. "मालकीण, साहेब. मुकादमीणबाई. आणि त्यांच्या घरात एकच चूल आहे, हे आम्ही चाळीस वर्षं ऐकतोय. आता ऐकून ऐकून आम्हालाही पाठ झालंय. लिहा तुम्ही."

माणसं हसली. मुकादमीण गुडघ्यांवर हात देऊन उठली. उठायला वेळ लागला, आणि तेवढ्यात हसू विरलं. तिला मुलगा दिसला, भिंतीला टेकून, नजर जमिनीवर. त्यानं तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. लहानपणीसुद्धा मागायचा नाही, नुसता उभा राहायचा.

"माझं घर फुटलं," ती म्हणाली.

कारकुनानं टोपण परत पेनला लावलं.

"काय?" काटेवाला म्हणाला.

"बहिरा झालास? घर फुटलं माझं. मुलगा वेगळा झाला."

"कधी?"

"मंगळवारी."

"कशावरून?"

"भिंतीवरून."

"अहो, पण तुमचा हात बांधाला आहे!" काटेवाला उभा राहिला, त्याचं उपरणं खांद्यावरून घसरलं. "हे दार मोजलं तर तुमचाच बांध पडतो. कळतंय का काय करताय?"

"माझा हात बांधालाच आहे. अजून वर करून दाखवू? मला खालीच राहायचंय. उरलेली चार वर्षं कोरडी गेली असती तर बरं झालं असतं. पण हे पाणी मला किती दिवस बघायचंय, आणि त्या पोरीला किती? मागच्या वेळी तिला विचारलं नाही, कारण तिला नाक पुसता येत नव्हतं. आता येतं. हात तिचा तिला वर करू दे. मी माझा करते. मग कुणाचे जास्त होतील ते होवोत."

काटेवाल्यानं उपरणं खांद्यावर घेतलं. मग हळूहळू, एकेक शब्द काट्यावर ठेवल्यासारखा म्हणाला, "मुलं तेवढी तोलता आली नाहीत म्हणायची."

कुणी हसलं नाही. हसले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"नाही आली," मुकादमीण म्हणाली, आणि खाली बसली.

कारकुनानं घाम पुसला. "नव्या उंबऱ्याचा हात कुणाचा? मुलाचा, की तो सांगेल त्याचा?"

मुलगा भिंतीपासून पुढे झाला. "नाही. पोरीचा लिहा."

नातीनं हात वर केला. ताठ, बोटं जुळवून; मिठानं फाटलेला तळवा सगळ्यांना दिसला. कारकुनानं मोजला, पण शाई टेकवली नाही.

"सोळा-पंधरा. पण पडताळणी झाल्याशिवाय लिहिणार नाही. दुसरं गाव राहू दे, आज इथेच मुक्काम करतो. उद्या सकाळी, रांधायच्या वेळी चुली बघणार. दोन चुली खरोखर वेगळ्या दिसल्या तरच उंबरा धरीन, नाहीतर निकाल बरोबरीचा, म्हणजे बांधाचा. सरकारी काम आहे, देखावा चालणार नाही."

"मीही येईन बघायला," काटेवाला म्हणाला.

संध्याकाळी मुकादमिणीनं भांडी वाटली. मोठं पातेलं स्वतःकडे ठेवलं, दोन लहान पलीकडे दिली. तवा पलीकडे, कढई इकडे. सून भांडी उचलताना रडायला लागली.

"रडायला काय झालं? मेले का मी?"

"आम्ही तुम्हाला असं एकटं—"

"नियम आहे. नियमानं राहायचं. मधलं दार लावून घे. आणि विळा माझा आहे, तो घेऊन जाऊ नकोस."

मधलं दार लागलं. त्या घरातून त्या संध्याकाळी पहिल्यांदा दोन ठिकाणांहून धूर निघाला, आणि खालच्या ओळीतल्या म्हाताऱ्यांनी आपापल्या दारांतून तो बघितला. तिच्याशी कुणी बोललं नाही. रोज हाक मारणाऱ्या शेजारणीनं कोंबड्यांना हाका मारल्या.

सकाळी ती उजाडताच उठली. चूल पेटवली, आधण ठेवलं, तांदूळ धुऊन टाकले, आणि डोक्यात आगराचा विचार घेऊन झाडू मारायला लागली. भात उतरवून झाकण काढलं तेव्हा तिच्या लक्षात आलं. पातेलं काठोकाठ होतं. हातानं चार मुठी घातल्या होत्या, वीस वर्षं घालत होता तशा. हाताला कुणी सांगितलंच नव्हतं.

ते झाकून कुठे सारावं म्हणून ती वळली, तर दारात कारकून. त्याच्या मागे काटेवाला.

कारकुनानं पलीकडची चूल आधी बघून घेतली होती. आता ही बघितली, मग पातेल्याकडे बघितलं.

"घरात किती माणसं, आजी?"

"दिसत नाही? एक."

"आणि हा भात?" काटेवाला पुढे सरला. त्यानं पातेल्याकडे नुसतं बघितलं. आयुष्य तोलण्यात गेलेला माणूस. "साहेब, हा चार माणसांचा आहे. हिनं शिजवायचं, त्यांनी मागच्या दारानं येऊन जेवायचं. मी म्हटलं नव्हतं? चूल एकच आहे."

मधल्या दारापलीकडे हालचाल झाली आणि थांबली. तिघंही तिथे उभी होती, दाराला कान लावून, हे मुकादमिणीला भिंतीतूनसुद्धा कळलं. कारकुनानं वही मिटायला हात घातला.

"थांबा," मुकादमीण म्हणाली.

तिनं ताट घेतलं. पाट घेतला. दोघांसमोर बसली आणि पातेल्यातून भात वाढून घेतला, ताट दिसेनासं होईपर्यंत.

"एकट्या बाईला एवढा?" कारकून म्हणाला.

"मी मुकादमीण आहे. चार माणसांचं काम केलंय जन्मभर. चार माणसांचं खाते. का, कचेरीचा त्यालाही नियम आहे?"

ती जेवायला लागली. नुसता भात, वर मिठाचा खडा. पहिलं ताट पटकन संपलं. दुसऱ्याला ती सावकाश झाली. तिसरं वाढून घेतलं तेव्हा कपाळावर घाम आला होता आणि प्रत्येक घासाला मान थोडी पुढे जात होती, कोंबडीसारखी. कारकून दाराच्या चौकटीला टेकून एकदा छताकडे बघत होता, एकदा आपल्या वहाणांकडे.

"आजी, राहू द्या. पटलं मला. लिहितो मी."

"लिहू नका. संपल्यावर लिहा. उद्या कुणी म्हणायला नको, देखावा होता म्हणून." तिनं चौथ्यांदा पातेलं तिरकं केलं आणि तळ खरवडला. करपलेला पापुद्रासुद्धा ताटात घेतला.

घास घशाशी अडला. तिनं डोळे मिटले, पदरानं तोंड दाबलं, गिळला. डोळे उघडले तेव्हा ते पाण्यानं भरले होते. काटेवाल्यानं मान फिरवली.

"पुरे करा, मुकादमीणबाई," तो पडेल आवाजात म्हणाला. "मी काही म्हणत नाही आता."

"म्हणायचंय कुणाला? तिकडे काय बघतोस? इकडे बघ." तिनं पुढचा घास उचलला. "साक्षीला आलास ना? मग शीत न् शीत मोज."